‘खात नाही’ आणि ‘चालत नाही’

अन्न नाकारण्याच्या मराठीत दोन रीती आहेत. ‘आम्ही हे खात नाही’ ही एक, आणि ‘आम्हांला हे चालत नाही’ ही दुसरी. रोजच्या बोलण्यात आपण दोन्ही सरमिसळ वापरतो, त्यामुळे त्यांतले अंतर सहसा ध्यानात येत नाही. पण पहिल्या वाक्याचा कर्ता माणूस आहे. न खाण्याचे काम तो स्वतः करतो, आणि उद्या मनात आले तर तो खाऊही शकतो. दुसऱ्या वाक्याचा कर्ता पदार्थ आहे. माणूस चतुर्थीत जाऊन बसला आहे, आणि निर्णय त्याच्या आधी व त्याच्या डोक्यावरून कुठे तरी होऊन गेलेला आहे. आमच्या खानदेशात अहिराणी बोलणारी बाईही ‘खातस नही’ आणि ‘चालस नही’ यांत हाच भेद करते. याच्याही पुढचे एक तिसरे वाक्य आहे. ते फारसे उच्चारले जात नाही, पंगत बसवताना फक्त पाळले जाते. ते असे : ‘हे तुला चालायचे नाही.’ येथे पदार्थ तोच असतो, वाढणाराही तोच असतो. ताटावरून उठवलेले असते ते माणूस.

मुसलमान समाजातील खाण्यापिण्याचे लौकिक निषेध, त्यांच्याभोवतीच्या स्थानिक समजुती आणि इस्लामची शिकवण यांच्या परस्परसंबंधांविषयी गेल्या दोनशे वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. सरकारी अधिकाऱ्यांनी लिहिले, धर्मसुधारकांनी लिहिले, आणि अलीकडच्या काळात अभ्यासकांनीही लिहिले. या लेखनाची माहिती मोलाची आहे. त्याचा मोठा दोष मात्र मला असा वाटतो की, ही तीन वाक्ये त्याने वेगवेगळी ऐकली नाहीत. जे कोणी सहज खात नव्हते त्याला कुणी हिंदुत्वाचा अवशेष म्हटले, कुणी अज्ञान म्हटले. आणि जेथे खरोखर कुणाला तरी ताटावरून उठवले जात होते, तेथे त्याला ‘रीत’ म्हणून नुसती नोंद करून पुढे गेले. प्रस्तुत लेखात या ग्रंथांचा विचार याच एका बाजूने करावयाचा आहे.

त्यासाठी उभे राहायला चाळीसगावसारखे ठिकाण सोयीचे आहे. सातमाळ्याच्या पायथ्याशी, तितूर नदीच्या काठी वसलेले हे बाजारगाव. येथे पीर मुसा कादरी यांचा दर्गा आहे. लोक त्यांना बामोशीबाबा म्हणतात. त्यांच्या उरुसात तलवारीची मिरवणूक निघते आणि त्या गर्दीत हिंदू कोण, मुसलमान कोण, हे निवडायला जाणाऱ्याची पंचाईत होते. पिंजारी, मन्यार, बागवान, खाटीक अशा धंदेवार जमातींची मुसलमान घरे खानदेशातल्या बहुतेक बाजारगावांत आहेत. आणि उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेर-चोपडा या पट्ट्यात, तडवी भिल्लांची वस्ती आहे. या घरांतून नमाज-रोज्यांच्या जोडीने दुसरेही एक शास्त्र चालत आले आहे, आणि त्याचे पीठ चुलीपाशी आहे. ग्रहणात गरोदर बाईने विळीला किंवा सुरीला हात लावायचा नाही. दूध आणि मासे एका जेवणात घ्यायचे नाहीत. पोटुशीला पपई द्यायची नाही. मोहरमचा नवस असेल त्या घरी दहा दिवस मांस शिजवायचे नाही. रज्जब महिन्यात कुंडे भरले तर त्यांतले अन्न उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही. सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस, ज्यांना ‘तेरा तेजी’ म्हणतात, जड मानायचे. सगळ्याच घरांत हे सगळे पाळले जाते असे नाही. पण यांतले काही ना काही ठाऊक नाही असे घर विरळा. आणि भिंतीपलीकडच्या हिंदू घरात डोकावले, तर महिन्यांची नावे सोडून यांतले निम्मे तरी तसेच्या तसे सापडते.

आता पहिल्या ग्रंथसंचाकडे वळू. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियरे निघाली. खानदेशाचा बारावा खंड १८८० सालचा. नाशिकचा १८८३चा, अहमदनगर आणि सोलापूर यांचे १८८४चे, पुण्याचा १८८५चा. या कामाचे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु दख्खनच्या या खंडांतील मुसलमान जमातींची वर्णने सलग वाचली, की एक ठरीव सूत्र पुनःपुन्हा कानी पडू लागते. ही मंडळी इतर मुसलमानांपासून अलग राहतात, गोमांस वर्ज्य करतात, हिंदू देवदेवतांना नवस बोलतात, आणि काझीला मानतात. बागवान असो, पिंजारी असो, बकऱ्याचे मांस विकणारा कसाब असो. जमात बदलते, सूत्र फारसे बदलत नाही. 

या सूत्रात ज्या गोष्टी एका ओळीत बसवल्या आहेत, त्या एका जातीच्या नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. सटवाईला नवस बोलणे ही इस्लामच्या दृष्टीने गंभीर बाब आहे. कारण ईश्वरावाचून दुसऱ्याकडे मागणे हा त्या धर्मातील सर्वांत मोठा दोष. गोमांस न खाणे ही मात्र त्या दृष्टीने बाबच नव्हे. इस्लामने गाईचे मांस हलाल ठरवले, म्हणजे खाण्यास मोकळीक दिली. ते खाल्लेच पाहिजे अशी आज्ञा कुणालाही केलेली नाही. जन्मभर गोमांस न खाल्लेला पिंजारी धर्माच्या एकाही कलमाचा भंग करीत नाही. तरीही गॅझेटियरकाराने त्याच्या ताटाचा उष्णतामापक केला आणि त्यावरून त्याच्यात इस्लाम किती अंश उरला आहे, हे वाचले. तो का खात नाही, हा साधा प्रश्नही कुणी विचारला नाही. गावात बैलावर शेती चालते, पोळ्याला त्याच्याच दारावरून शेजाऱ्याचे बैल मिरवत जातात, बाजारात बकरा मिळतो, लहानपणापासून जिभेला सवय नाही, शेजाऱ्याच्या बायकोशी पीठमिठाची देवघेव आहे. अशी पाच-सात कारणे त्याने सांगितली असती. त्यांतले एकही धर्मशास्त्रातले नव्हते. तो ‘खात नाही’ म्हणत होता. साहेबाने ‘चालत नाही’ असे टिपून घेतले, आणि त्यावरून त्याला अर्धा हिंदू ठरवून टाकले.

हे माप खरे मानले तर ते उलट बाजूनेही लावले पाहिजे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मुलाणा हा बलुतेदार होता. गावची मशीद, पीर आणि मोहरम हे त्याच्याकडे असे. आणि बकरे कापायचे तर सुरीही त्याच्याच हाती असे. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्यात त्याने नोंदवून ठेवले आहे की बहुतेक कुणबी मुलाण्याने विधी केल्यावाचून मांस खायला राजी नसतात. शेताच्या बांधावरच्या देवाला बकरा द्यायचा, तोही मुलाण्याच्या हातून आणि ‘बिसमिल्ला’ म्हणून! हलालीचा नियम मुसलमानासाठी आहे. कुणब्याला तो कोणी लावलेला नव्हता. तरी पिढ्यान्‌पिढ्या त्याला हलालीवाचून मांस ‘चालत’ नव्हते. मग गॅझेटियरच्या मापाने या कुणब्याला अर्धा मुसलमान म्हणावयास हवे होते. तसे कुणीच म्हटले नाही. कारण कुणब्याची रीत ही त्याची रीत म्हणून वाचली गेली, आणि पिंजाऱ्याची रीत ही त्याच्या धर्मातली उणीव म्हणून. माप एकच असते तर निष्कर्षही एकाच जातीचे निघाले असते.

यावर कोणी म्हणेल की इस्लामची स्वतःची शिकवण पाहिल्यावाचून हा न्याय करता येणार नाही. ते खरेच आहे. कुराणाच्या पाचव्या अध्यायाचे नाव ‘अल-माइदा’, म्हणजे वाढलेले ताट. सहाव्याचे ‘अल-अनआम’, म्हणजे गुरेढोरे. खाण्यापिण्याविषयीची बरीच चर्चा या दोन अध्यायांत आहे, आणि ती वाचताना आश्चर्य वाटते ते निषेधांच्या संख्येचे नव्हे, तर त्यांच्या कमीपणाचे. मेलेले जनावर, वाहिलेले रक्त, डुकराचे मांस, आणि ईश्वराखेरीज दुसऱ्याच्या नावाने दिलेले जनावर अशी चारच नावे सहाव्या अध्यायात येतात. याउलट ज्या ठिकाणी स्वर चढतो, ती ठिकाणे निराळी आहेत. अरबस्तानात काही उंटिणी देवांच्या नावे सोडून देत. त्यांवर बसायचे नाही, त्यांचे दूध काढायचे नाही. त्या प्रथांना बहीरा, साइबा अशी नावे होती. पाचव्या अध्यायात या प्रथा ईश्वराने घातलेल्या नाहीत असे स्पष्ट सांगितले आहे. सहाव्यात त्याहून मर्मावर बोट ठेवले आहे : हे लोक म्हणतात की हे पीक व ही गुरे आम्ही म्हणू त्यानेच खावीत, आणि या गुरांच्या पोटी जे आहे ते पुरुषांसाठी आहे, बायकांना निषिद्ध आहे. सोळाव्या अध्यायात जिभेला येईल तसे ‘हे हलाल, ते हराम’ म्हणत सुटणाऱ्यांना खोटे ठरवले आहे. म्हणजे निषिद्ध अन्न खाणे हा जसा दोष, तसा निषेध नसता निषेध उभारणे हाही दोषच, आणि त्यातही दुसऱ्याला वगळण्यासाठी उभारणे हा विशेष. चोविसाव्या अध्यायात आंधळा, लंगडा आणि आजारी यांचा उल्लेख करून, एकत्र जेवा की वेगळे जेवा, त्यात दोष नाही, असे सांगितले आहे. त्याचाही रोख ताटाभोवतीचा संकोच मोडण्याकडे आहे.

आणि ‘खात नाही’चे काय? त्याचा निकाल पैगंबरांच्या आचरणात मिळतो. त्यांच्यापुढे एकदा भाजलेला ‘दब्ब’ आला. हा घोरपडीसारखा दिसणारा वाळवंटातला प्राणी. त्यांनी हात मागे घेतला. खालिद बिन वलीद यांनी विचारले, हे हराम आहे काय? त्यांनी नाही म्हटले. माझ्या लोकांच्या मुलखात हे नसते, म्हणून मला नकोसे वाटते, एवढेच सांगितले. खालिदनी ते ताट आपल्याकडे ओढून त्यांच्या देखत खाल्ले. लसणीच्या बाबतीतही असाच प्रसंग आहे. कच्ची लसूण खाऊन मशिदीत येऊ नका असे त्यांनी सांगितल्यावर लोकांत बोलवा झाली की लसूण हराम झाली. तेव्हा त्यांनी खुलासा केला की ईश्वराने मोकळे ठेवलेले निषिद्ध करण्याचा अधिकार मला नाही; मला तिचा वास आवडत नाही, इतकेच. आषाढात कांदेनवमी करून चार महिने कांदा-लसूण बंद करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. तो कांदा सोडतो, पण कांदा खाणाऱ्याशी भांडत नाही. नावड, सवय, मुलूख, शेजार, व्रत यांना या शिकवणीत जागा आहे. जागा नाही ती नावडीला आज्ञेचा वेष चढवण्याला.

हे माप घेऊन आता दुसऱ्या ग्रंथाकडे जाऊ. ‘कानून-ए-इस्लाम’ हे जाफर शरीफ या दख्खनी मुसलमानाने लिहिलेले पुस्तक. मद्रासेकडचे डॉक्टर हर्क्लोट्स यांनी त्याचे इंग्रजी करून १८३२ साली छापले. पुढे १९२१ मध्ये विल्यम क्रुक यांनी त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवर इतके भरीव पुस्तक दुसरे क्वचितच असेल. गॅझेटियरपेक्षा ते सरस आहे, कारण लिहिणारा घरातला आहे. ताट कोणत्या दिवशी, कोणी आणि कसे वाढायचे, हे त्याला पाहून ठाऊक आहे. सफरच्या तेराव्या दिवशी धान्य, तेल, अंडी वाटून टाकण्याचा प्रकार त्यात आहे, मोहरमच्या दिवसांतले फकिरांचे वर्ज्यावर्ज्य आहे, आणि ‘बीबीच्या सहनके’ची रीतही आहे.

ही सहनक जरा थांबून पाहण्यासारखी आहे. सहनक म्हणजे मातीची पसरट थाळी. पैगंबरांची कन्या बीबी फातिमा यांच्या नावाने ती भरायची. ती पुरुषांनी खायची नाही, त्यांची नजरही पडू द्यायची नाही. खायची ती पतिव्रता स्त्रियांनीच, आणि जिने दुसरे लग्न केले आहे तिने हात लावायचा नाही. सवाष्ण जेवू घालताना विधवेला बाजूला ठेवणारे घर, आणि पाटाची बायको लग्नाच्या विधीला न चालणारे घर, या दोहोंची ही सख्खी बहीण शोभते. जाफर शरीफ ही रीत सांगतो. तिचा न्याय करीत नाही. वर्णन करणाऱ्याकडून तेवढी अपेक्षा धरणे कदाचित अन्यायाचे होईल. पण वाचणाऱ्याने एक हिशेब मांडून पाहावा. बीबी फातिमा यांच्या आई खदीजा या पैगंबरांशी विवाह होण्यापूर्वी विधवा होत्या. पैगंबरांच्या पत्नींपैकी आयेशा यांचाच तेवढा तो पहिला विवाह. म्हणजे फातिमांच्या नावाने मांडलेल्या या पानावर फातिमांच्या आईलाच बसता आले नसते! ‘हे तुला चालायचे नाही’ या वाक्याची इतकी सणसणीत फजिती दुसरीकडे कोठे झालेली माझ्या वाचनात नाही.

ही फजिती सुधारकांना दिसली, हे त्यांचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. दिल्लीचे शाह इस्माईल १८३१ साली बालाकोटला मारले गेले; त्यापूर्वी लिहिलेल्या ‘तक्वियतुल ईमान’ या उर्दू पुस्तकात त्यांनी सहनकेचे हेच उदाहरण घेतले. पुरुषांनी खाऊ नये, दासीने खाऊ नये, दुसरा नवरा केलेलीने खाऊ नये, अमुक पीराच्या शिदोरीला हुक्का ओढणाऱ्याने शिवू नये; हे सारे माणसांनी आपल्या मनाने घातलेले निर्बंध असून अरबस्तानातल्या सोडलेल्या उंटिणींच्याच जातीचे आहेत, असा त्यांचा आशय. पुढे अशरफ अली थानवी यांच्या ‘बिहिश्ती जेवर’ या स्त्रियांसाठी लिहिलेल्या ग्रंथातही रूढींचा असाच समाचार आला, आणि तो ग्रंथ लग्नात मुलीला देण्याची चाल पडल्यामुळे दूरदूरच्या घरांत पोचला. वगळण्याच्या रीतींवर या मंडळींनी केलेला आघात योग्य ठिकाणी बसलेला आहे.

पण आघात करणाऱ्या हाताला वजन असते तसा सैलपणाही येतो. एकदा ‘रूढी’ हा शब्द सापडला, की वगळणारी रूढी आणि घाबरलेल्या बाईची रूढी एकाच टोपलीत पडू लागतात. ग्रहणात सुरी न धरणारी बाई कुणालाही ताटावरून उठवीत नाही. ओठ फाटलेले मूल तिने पाहिलेले असते, बाळंतपणात गेलेली नणंद तिला आठवत असते, आणि पोटातल्या जिवासाठी आपण काही तरी करावे, निदान काही तरी करू नये, एवढीच तिची धडपड असते. तिला ‘हे अज्ञान आहे’ असे सांगून सुधारक मोकळा होतो. तिची भीती मात्र तिच्यापाशीच राहते.

या बाबतीतही मूळ शिकवण सुधारकांपेक्षा अधिक समंजस दिसते. पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहीम ६३२ साली वारला, त्याच सुमारास सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की मुलाच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. शोकात असलेल्या बापाला ही समजूत सुखाची वाटली असती. त्यांनी ती तेथल्या तेथे मोडली : सूर्य-चंद्राला ग्रहण कुणाच्या जन्मामरणामुळे लागत नाही. पण तेवढ्यावर न थांबता, ग्रहण दिसले की प्रार्थनेला उभे राहा, असेही सांगितले. समजूत काढून घेतली, आणि भ्यालेल्या माणसाला करायला काही दिले. सफर महिन्यात अशुभ असे काही नाही, हेही त्यांनी असेच स्पष्ट सांगितलेले आहे. तरी ‘तेरा तेजी’ टिकली, याचे कारण बहुधा हेच की येथे पर्याय हाती पडला नाही.

आणि केवळ मुसलमान घरांनाच याविषयी बोल लावायचा, तर चाळीसगावकराने पाटणच्या दिशेने एकदा पाहावे. गावापासून काही कोसांवरच्या पाटण येथे शके ११२८चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ राजाने त्याला दान दिले, हे त्यात नोंदवले आहे. हे दान दिले गेले ते श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. ज्या ग्रंथात पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्रग्रहण होते हे गणिताने सिद्ध केले, त्या ग्रंथाच्या मठाला ग्रहणाच्या पुण्यकाळावर दान! स्वतः भास्कराचार्यांनीही छायेचे गणित मांडून झाल्यावर पुराणातल्या राहूला त्या छायेत प्रवेश देऊन दोहोंचा मेळ घातला होता. एका परंपरेने गणित केले, दुसरीने समजूत निषिद्ध ठरवली. आणि दोहोंच्या घरातल्या पोटुश्या बायका ग्रहणभर सुरीपासून दूर बसून राहिल्या. याला हिंदूंचा मुसलमानांवरील परिणाम म्हणणे म्हणजे अर्धेच पाहणे होय. ही मालकी दोन्ही अंगणांची आहे. दूध आणि माशांचेही तसेच. चरकाने त्यांना विरुद्ध आहार म्हटले, युनानी हकिमांनीही तेच सांगितले. कुराणात त्याचा शब्द नाही. हे वैद्यक आहे, आणि त्याचा खरेखोटेपणा वैद्यकानेच ठरवावा.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र कंदोरीचा आहे. पीराला बकरा बोलायचा, उरुसाला कापायचा, आणि पंगतीला जेवू घालायचा, ही चाल हिंदू-मुसलमान दोघांतही आहे. हा बकरा ‘दुसऱ्याच्या नावाने दिलेले जनावर’ या निषेधात बसतो काय? दिल्लीचे शाह अब्दुल अजीज म्हणाले, बसतो. नियत पीराची असेल तर कापताना ईश्वराचे नाव घेऊन उपयोग नाही. बरेलीचे अहमद रझा खान यांनी पुढे उलट मत दिले : सुरी फिरताना ईश्वराचे नाव घेतले गेले, ते प्रमाण, पुण्य पीराच्या नावे दिले म्हणून मांस निषिद्ध होत नाही. दोघेही विद्वान, दोघांचेही अनुयायी आज महाराष्ट्रात आहेत, आणि कंदोरीचे आमंत्रण आले की कोण जेवेल नि कोण नाही, हे अजूनही या मतभेदावर ठरते. या वादाचा निकाल देणे समीक्षकाचे काम नव्हे. पण हा वाद खरा ‘चालत नाही’चा वाद आहे; तो शास्त्रातला आहे, आणि दोन्ही पक्षांनी तो शास्त्रानेच लढवला आहे. ‘अडाणी मुसलमानांची हिंदू चाल’ म्हणून जी कंदोरी एका ओळीत निकालात काढली गेली, तिच्यावर एवढी सूक्ष्म चर्चा होऊ शकते, हे त्या ओळीच्या लेखकांच्या गावीही नव्हते.

मराठी वाङ्मयाने तरी या ओळीपलीकडे पाहिले काय? रा. चिं. ढेरे यांनी १९६७ साली ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहून शेख महंमदादी कवींकडे आपले लक्ष वेधले. श्रीगोंद्याचा शेख महंमद हाही कादरी परंपरेतलाच, आणि दोन्ही धर्मांतल्या पोकळ आचारांवर तो सारखाच कडाडतो. हमीद दलवाई यांनी ‘लाट’ (१९६१) आणि ‘इंधन’ (१९६५) यांतून कोकणातला मुसलमान समाज मराठीत आणला. हे दोन्ही मोठेच लाभ आहेत. पण संतकवीचा अभ्यासक ग्रंथ पाहतो आणि कादंबरीकार संघर्ष पाहतो. स्वयंपाकघर दोघांच्याही वाटेवर येत नाही. आमच्या ललित लेखनातला मुसलमान शेजारी ईदला शीरखुर्मा पाठवतो आणि तेथेच संपतो. त्याच्या घरी काय खात नाहीत, का खात नाहीत, आणि कोणाला वाढत नाहीत, हे मराठी वाचकाला अजूनही फारसे ठाऊक नाही.

हे ठाऊक नसणे आता निरुपद्रवी राहिलेले नाही. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६च्या कायद्याने बंद झाली. विधिमंडळाने १९९५ साली संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही त्याखाली आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस नुसते जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र माणसाच्या खाजगीपणाच्या हक्काआड येते म्हणून रद्द केले. या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध जे म्हणायचे ते पुष्कळ म्हणून झाले आहे. येथे नोंदवायचे आहे ते वेगळेच नुकसान. जो पिंजारी शेजाराखातर किंवा सवयीने गोमांस खात नव्हता, त्याच्या न खाण्याला आता त्याचा म्हणून काही अर्थ उरला नाही. त्याचे ‘खात नाही’ कायद्याने ‘चालत नाही’ करून टाकले. त्याने शेजाऱ्याला न सांगता दिलेली जी एक भेट होती, ती आता कर भरल्यासारखी झाली. आणि देणाऱ्याच्या मनातून भेट गेली, की घेणाऱ्याच्या मनातून ओळखही जाते. दुसऱ्या बाजूने, ‘खरा मुसलमान असशील तर खाऊन दाखव’ असे म्हणणारा धर्मबंधूही त्याच्या दाराशी उभा असतो. दब्बाचे ताट ओढून घेणाऱ्या खालिदनी पैगंबरांना असला आग्रह केला नव्हता, हे त्याला कोणी तरी सांगावयास हवे.

म्हणून या विषयावरच्या पुढच्या लेखनाकडून मागणी करायची ती अधिक माहितीची नव्हे. माहिती पुष्कळ आहे. मागणी एवढीच की लेखकाने क्रियापद नीट ऐकावे. कोणी ‘खात नाही’ म्हणाला, तर त्याला त्याच्या मर्जीचा धनी राहू द्यावे, त्यावरून त्याचा धर्म मोजू नये. कोणी ‘चालत नाही’ म्हणाला, तर कोणाच्या आज्ञेने, हे विचारावे. त्या आज्ञेचे शास्त्र उघडून पाहण्याचा हक्क सर्वांना आहे, आणि ते पाहिले तर ते आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ मोकळे निघते. आणि कोणी कुणाला ‘तुला चालायचे नाही’ म्हणाले, मग ते पान बीबीच्या नावाचे असो की सवाष्णीचे, तर तेथे रीत म्हणून नोंद करून पुढे जाऊ नये. जिला उठवले ती कोण होती, एवढे तरी लिहावे.